डोंगरी सायकलस्वारी

डोंगरी सायकलस्वारी म्हणजे डांबरी रस्ता सोडून पायवाटा, गाडीवाटा, माळराने आणि डोंगरउतार यांवरून खास बनावटीच्या सायकलीने केलेली भ्रमंती किंवा शर्यत होय. या सायकलीला 'माउंटन बाइक' किंवा 'एमटीबी' म्हणतात. मराठीत 'पर्वतीय सायकल', 'गिरिसायकल' असे प्रतिशब्द सुचवले जातात. बोलण्यात मात्र 'गिअरची सायकल' आणि त्याआधीच्या पिढीत 'रेंजर' हेच शब्द चालले. 'रेंजर' हे मुळात एका भारतीय कंपनीच्या सायकलीचे नाव. पुढे ते जाड टायरच्या व आडव्या हँडलच्या कोणत्याही सायकलीला लागले. प्रस्तुत लेखात या प्रकाराची सामान्य माहिती दिली असून महाराष्ट्रातील, विशेषतः अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा व त्यालगतच्या बालाघाट डोंगररांगेतील भूप्रदेशाच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

इतिहास

सायकल कच्च्या वाटेवरून चालवणे ही नवी गोष्ट नव्हे. खेडोपाडीचा दूधवाला, पोस्टमन व शाळेला जाणारा विद्यार्थी यांनी भारतात आयुष्यभर तेच केले. त्याला खेळाचे रूप आले ते मात्र अमेरिकेत. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण १९३०-४०च्या दशकांतील जुन्या, जाड टायरच्या, अवजड सायकली घेऊन डोंगरातील कच्च्या रस्त्यांवरून खाली येत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी वेळ मोजून शर्यत लावली. उतार सुमारे साडेतीन किलोमीटरचा आणि खोली सुमारे ४०० मीटर होती. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे आणि पायडल उलटे दाबले की तो लागे. एका उतरणीत तुंबा इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून शर्यतीला 'रिपॅक' हे नाव पडले.

१९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी या कामासाठी मुद्दाम आखलेली चौकट तयार केली. १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी टॉम रिची यांनी बनवलेल्या चौकटी घेऊन विक्री सुरू केली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजंपर' बाजारात आली आणि कारखान्यात तयार झालेली डोंगरी सायकल सामान्य ग्राहकाला मिळू लागली. पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये ड्युरँगो येथे झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून 'क्रॉस कंट्री' हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे. भारतात हिमाचल प्रदेशातील 'एमटीबी हिमालय' ही अनेक दिवस चालणारी शर्यत या खेळाची ओळख करून देण्यात अग्रेसर ठरली.

रचना

साधी सायकल आणि डोंगरी सायकल यांतील भेद दिसण्यात टायरचा असला, तरी चालवताना तो दात्यांचा आहे. भारतातील पारंपरिक काळ्या सायकलीला पुढे साधारणतः ४४ व मागे १८ दात्यांचे चक्र असते. पायडलचा एक फेरा पुरा झाला की ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. आजच्या डोंगरी सायकलीत पुढे ३२ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला ५१ दाते असले, तर २९ इंची चाकाची तीच सायकल एका फेऱ्यात दीड मीटरही जात नाही. चढ तोच, उंचीही तीच. पण ते काम लहान लहान हप्त्यांत वाटले जाते. म्हणूनच घाटात काळी सायकल हातात धरून न्यावी लागते, तर डोंगरी सायकल पायी चालण्याच्या वेगाने का होईना, वर चढते.

चाकांचे व्यास २६, २७.५ व २९ इंच असे रूढ आहेत. मोठे चाक दगडावरून सहज जाते, तर लहान चाक वळणावर चपळ ठरते. पुढच्या चिमट्यात धक्का शोषणारी योजना असून मागे नसेल, तर त्या सायकलीला 'हार्डटेल' म्हणतात. दोन्हीकडे असेल तर 'फुल सस्पेन्शन'. ('चिमटा' हा सायकल दुरुस्ती करणाऱ्यांचा शब्द इतका नेमका आहे की त्याला पर्याय शोधण्याचे कारण नाही.) स्वस्त सायकलींच्या चिमट्यात केवळ स्प्रिंग असते. ती दबते आणि तितक्याच जोराने उसळते, कारण उसळी आवरणारी तेलाची किंवा हवेची योजना तिच्यात नसते. बाजारात 'एमटीबी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सायकली या अर्थाने केवळ रूपाने डोंगरी आहेत. शाळा-महाविद्यालयाच्या रस्त्याला त्या उत्तम. दगडी उतारावर त्यांचा भरवसा धरू नये.

ब्रेकच्या बाबतीत चकती ब्रेकने मोठा फरक पडला. रिमवर घासणारे रबर चिखलात निकामी होते. चकती तुंब्याजवळ, चिखलापासून वर असते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर चकतीही तापते. म्हणून तो थोडा दाबून, थोडा सोडून वापरतात. रिपॅकच्या जळक्या ग्रीसचाच हा धडा.

काटा, माती आणि हवा

परदेशी पुस्तकांत टायरविषयी जे लिहिलेले असते ते बहुधा ओल्या मुळांविषयी आणि निसरड्या दगडांविषयी असते. बालाघाटच्या माळावर खरा प्रश्न काट्याचा आहे. बाभूळ, वेडी बाभूळ, हिवर व बोर यांचे काटे वर्षभर वाटेवर पडलेले असतात. बांधावर काटेरी फांद्यांचे कुंपण घालण्याची रीत असल्याने सुगीनंतर त्यात भर पडते. पण सर्वांत त्रासदायक सराटा. जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या फुलांची ही वेल. तिचे फळ कसेही पडले तरी त्याची एखादी नांगी वर राहते. पावसाळा सरल्यावर फळे वाळतात व भरभुसभुशीत फुफाट्यात दिसेनाशी होतात. सायकलस्वारीचा उत्तम हंगामही तेव्हाच सुरू होतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला जुना : सुटी ट्यूब, ठिगळ, सोल्युशन, काचकागद व पंप जवळ ठेवणे. दुसरा नवा : ट्यूबच काढून टाकणे. ट्यूबविरहित टायरमध्ये रबराच्या चिकाचे द्रावण ओततात. काटा शिरला की हवेबरोबर ते भोकाकडे धावते, गोठते आणि भोक बुजवते. स्वाराला कित्येकदा काटा रुतल्याचे कळतही नाही. रुतलेला काटा लगेच उपटू नये. तोच बुचासारखा असतो. हे द्रावण उन्हाळ्यात लवकर सुकते, त्यामुळे थंड देशातील सूचनापत्रात दिलेल्या मुदतीवर इथे विसंबून चालत नाही. टायर हलवून आतला खळखळ आवाज ऐकणे हीच खरी तपासणी.

मातीचेही तसेच. मुरमाड माळावर पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन तासांत सायकल चालवता येते. काळ्या मातीत मात्र ओल असेपर्यंत जाऊच नये. ही माती टायरला थर देत चढते, चिमट्यात भरते आणि काही अंतरावर चाक फिरेनासे होते. मग सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. पाणंद रस्त्यांवर अलीकडे मुरूम पडू लागल्याने फरक पडला आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये शेतरस्त्यांसाठी 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' सुरू केली. ती शेतकऱ्याच्या मालवाहतुकीसाठी असली, तरी सायकलस्वाराला बारमाही वाटा तिच्यामुळेच मिळत आहेत.

टायरमधील हवा सांगताना सवयीने 'कडक' हा निकष लावला जातो. डांबरी रस्त्यावर ते ठीक. खडकाळ वाटेवर कडक टायर प्रत्येक खड्यावरून उसळतो. थोडा नरम टायर खड्याला आपल्या पोटात घेतो आणि पकड देतो.

महाराष्ट्रातील भूप्रदेश

राज्यात या छंदाचा मुख्य प्रसार पुणे, मुंबई, नाशिक व कोल्हापूर या शहरांभोवती झाला. एके काळी 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात वेताळ टेकडी व तळजई परिसरातील वाटा, तसेच सिंहगड आणि मुळशी-ताम्हिणीकडील रस्ते स्वारांच्या परिचयाचे आहेत. सह्याद्रीच्या मुख्य रांगेत पावसाळ्यात काळ्या खडकावर शेवाळ धरते. कोकणातील जांभा कोरडा असता चांगली पकड देतो, ओला झाला की निसरडा होतो. पठारी प्रदेशात या अडचणी नाहीत. तिथे ऊन व पाणी हे दोनच विषय.

खर्डा व बालाघाट

हरिश्चंद्रगडापासून आग्नेयेकडे जाणारी हरिश्चंद्र-बालाघाट रांग अहिल्यानगर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांतून जाते. तिच्या कडेला, जामखेड तालुक्यात, जामखेडपासून सुमारे वीस किलोमीटरवर खर्डा हे बाजाराचे गाव आहे. निंबाळकर घराण्याचा अठराव्या शतकातील भुईकोट किल्ला येथे आहे. ११ मार्च १७९५ रोजी झालेल्या खर्ड्याच्या लढाईने गावाचे नाव इतिहासात राहिले. निजाम अली खानाचे सैन्य बीदरकडून निघून मोहरीच्या घाटाने खाली उतरले. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजांशी झुंज झाल्यावर निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला व कोंडी झाल्यामुळे त्याला तह करावा लागला. पुस्तकात हे वाचताना घाट आणि किल्ला यांचा संबंध डोळ्यांपुढे येत नाही. सायकलीवर तो पायांना कळतो : वरून उतरणे सोपे, पण मागे टेकड्या व पुढे शत्रू असता परत चढणे किती अवघड, हे एका चढात लक्षात येते.

परिसरात सायकलीने पाहण्याजोगी आणखी दोन ठिकाणे आहेत. सीना नदीकाठचे चौंडी हे अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मगाव जामखेड तालुक्यातच आहे. जामखेड-बीड रस्त्यावरील सौताडा येथे विंचरणा नदी दरीत कोसळते व खाली रामेश्वराचे मंदिर आहे. धबधबा पावसाळ्यातच पाहावा. दरीत उतरण्याच्या पायऱ्या सायकलीसाठी नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर माळावर सावली मिळत नाही, आणि दोन गावांमधील अंतर नकाशावर दिसते त्यापेक्षा लांब वाटते.

वाट कोणाची?

पठारावरील वाटा रिकाम्या दिसल्या तरी त्या बेवारस नसतात. गायरान गावाचे असते, बांध दोन शेतकऱ्यांमधला असतो, डोंगर बहुधा वनखात्याकडे असतो. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्यासारख्या क्षेत्रात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही.

दुष्काळी पट्ट्यात याहून गंभीर एक बाब आहे. डोंगरउतारावर गावकऱ्यांनी श्रमदानाने व शासकीय योजनांतून समतल चर खोदलेले असतात. पडलेले पाणी उतारावरून धावू नये, चरात थांबून मुरावे, हा त्यांचा हेतू. याच अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरेबाजार या गावांचा कायापालट अशाच कामांनी झाला. हिवरेबाजारने तर डोंगरावर चराईबंदी पाळली. सायकलीचे चाक उभ्या उतारावरून पुन्हा पुन्हा गेले की तिथे चाकोरी पडते. पहिल्या मोठ्या पावसात ती चाकोरी ओहळ होते, चराचा काठ फोडते आणि खालच्या चरांवर भार टाकते. एका स्वाराने असे होत नाही. वाट समाजमाध्यमांवर लोकप्रिय झाली की होते. त्यामुळे अशा डोंगरावर उभी उतरण धरू नये, चरांवरून उडी घेण्यासाठी मातीचे उंचवटे रचू नयेत आणि नवी वाट पाडण्याआधी ग्रामपंचायतीत विचारावे. ज्या गावाने आपल्या शेळ्यांना डोंगरबंदी केली, त्याने सायकलीला का सूट द्यावी, हा प्रश्न रास्त आहे.

माळावरील टिटवी, चंडोल, तित्तर हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. वाट सोडून गवतातून सायकल घातली तर घरटे चाकाखाली येऊ शकते. मेंढरांचा कळप समोर आला तर उतरून उभे राहावे. धनगराचा कुत्रा पळत्या चाकामागे लागतो, थांबलेल्या माणसाला बहुधा सोडतो. धनगराला आधी हाक दिली तर तोच कुत्र्याला आवरतो.

स्वारांची बोली

शहरी स्वारांच्या बोलण्यात 'राइड', 'ट्रेल', 'सिंगलट्रॅक' हे शब्द रुळले आहेत. त्यांच्या शेजारी गिर्यारोहकांकडून आलेला 'घसारा' (सुटे दगड-माती असलेला उतार) आणि सायकल दुकानातून आलेले 'छर्रे', 'चिमटा', 'चेन पडणे', 'रिमला आउट येणे' हेही सुखाने नांदतात. चाक डावी-उजवीकडे डोलू लागले की त्याला 'आउट' आला म्हणतात आणि तारा कसून तो 'काढतात'. हे काम तालुक्याच्या ठिकाणचा जुना कारागीर नजरेने करतो. चकती ब्रेकचे तेल बदलणे किंवा चिमट्याची हवा तपासणे ही कामे त्याच्याकडे होतीलच असे नाही; पण तुटलेली तार, वाकलेली रिम, तुटलेली चेन यांसाठी तो पुरेसा आहे.

दोन स्वार माळावर भेटले की पहिला प्रश्न सहसा 'कुठून आलात?' असा, दुसरा 'पुढे पाणी आहे का?' असा आणि तिसरा 'किती पंक्चर झाली?' असा असतो. गावातील माणसाचा प्रश्न मात्र ठरलेला : 'केवढ्याची आहे?' सांगितलेली किंमत ऐकून 'एवढ्यात जुनी मोटारसायकल आली असती' हे उत्तरही ठरलेलेच. नवख्याने 'चढ किती आहे?' असे विचारले तर 'थोडाच आहे, आलंच' असे सांगितले जाते. सांगणारा पायी चालणारा असतो आणि त्याच्या हिशेबात ते खोटे नसते. पाण्याच्या बाटल्या मात्र त्या गावातच भरून घ्याव्यात.