सांता मोनिका : मठातून संग्रहालयाकडे

जुन्या गोव्यातील मोंते सांतो, म्हणजेच ‘पवित्र टेकडी’, या उंचवट्यावर रस्त्याच्या दोन अंगांना दोन वास्तू आहेत. एकीकडे संत ऑगस्टिनच्या चर्चचा भग्न मनोरा, तर दुसरीकडे सांता मोनिका हा संन्यासिनींचा तीन मजली मठ. दोन्ही एकाच पंथाच्या आणि दोन्ही जांभा दगडाच्या. मग एकीचे अवशेष उरावेत आणि दुसरीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय नांदावे, असे का झाले?

आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये या मठाची स्थापना केली. १६२७ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. १६३६ च्या आगीनंतर त्याची पुनर्बांधणी करावी लागली. पुढे १८३४ मध्ये पोर्तुगीज शासनाने धार्मिक पंथ विसर्जित केले. संत ऑगस्टिनचा मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये त्याच्या चर्चचे छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. सांता मोनिकातील संन्यासिनींना मात्र तेथेच राहू देण्यात आले. त्यांतील शेवटची १८८५ मध्ये निवर्तली.

या अर्धशतकाचे महत्त्व मोठे आहे. जांभा सच्छिद्र असतो. चुन्याचा गिलावा हेच त्याचे कवच होय. गिलावा झडला आणि छपराची शाकारणी थांबली, की कोकणपट्टीचा पाऊस उरलेले काम करतो. वास्तूत माणसांचा वावर असेल, तरच गळती वेळीच ध्यानात येते.

१९६४ मध्ये येथे संन्यासिनींसाठी ‘मातेर देई’ ही शिक्षणसंस्था सुरू झाली. १९९४ मध्ये राशोल येथे उघडलेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय २००२ मध्ये येथे आणण्यात आले. नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. हस्तिदंत, चांदी, लाकूड व वस्त्र यांतील कलाकृती येथे पाहावयास मिळतात. युरोपीय विषयांना त्यांत भारतीय हातांचे वळण लाभले आहे. पूजावस्तू ख्रिस्तेतर कारागिरांकडून घडवून घेण्यास १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने मनाई केली होती. जे घडतच नाही, त्यास मनाई करण्याचे कारण नसते.

वेदीवरून काचेच्या कपाटात आलेली वस्तू काही गमावते, हे खरे. परंतु समोरचा मनोरा पाहिला, म्हणजे बदललेला वापर आणि संपलेला वापर यांतील अंतर उमगते.