जीवशास्त्र शिकणे आणि शिकवणे एकत्रच व्हावे

शाळेत जीवशास्त्र शिकवण्याचा आपल्याकडचा रूढ मार्ग म्हणजे आधी बी.एस्सी., मग दोन वर्षांचे बी.एड. माझ्या मते ही फारकत महागात पडते. झाडाचे खोड कशापासून बनते, असे विचारले की पुष्कळ मुले ‘मातीपासून’ म्हणतात. याच प्रश्नावर शास्त्रज्ञ व्हॅन हेल्माँट यांनी पाच वर्षे कुंडीत विलोचे झाड वाढवले. त्यांचा हा प्रयोग 1648 मध्ये प्रसिद्ध झाला. झाड 5 पौंडांवरून सुमारे 169 पौंडांचे झाले, माती मात्र जेमतेम 2 औंसांनी घटली. त्यांनी सारे श्रेय पाण्याला दिले. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यांच्याही नजरेतून सुटला. मुलांचा गैरसमज इतका स्वाभाविक आहे! तो ओळखता आला नाही, तर शिक्षक प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण फळ्यावर लिहील आणि मुलांची समजूत जागची हलणार नाही.

दोन्ही एकत्र शिकवले तर विषय उथळ होईल, असा आक्षेप घेतात. तो पोकळ नाही. दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्येच आनुवंशिकता आणि उत्क्रांती आहे, तिथे कच्चा पाया चालत नाही. पण मुलाच्या ‘का?’ला उत्तर शोधताना विषय आणखी खोल खणावा लागतो. बी.एड.मध्ये ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ आहे, मात्र ती पदवीनंतर, फार उशिरा येते.

बारावीनंतर चार वर्षांचे एकात्मिक बी.एस्सी. बी.एड. करता येते; हा अभ्यासक्रम चालवणाऱ्या भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र आणि गोवाही येतात. शिक्षक व्हायचे असेल तर हा पर्याय आधी पाहा.