निवाड्याआधीच ठरतो जमिनीचा भाव

मोजणीदार अंगणाच्या कडेला खुणा करून जातात आणि घरात एकच प्रश्न मागे राहतो : आता किती मिळणार? उत्तर यथावकाश भूसंपादन अधिकाऱ्याच्या निवाड्यात येते. मात्र ते त्या दिवशी ठरत नाही. शेजारच्या जमिनींची आधीच्या तीन वर्षांत नोंदलेली खरेदीखते आणि आपल्या एक-चौदाच्या उताऱ्यावरची नावे यांतच ते बहुतांशी ठरून गेलेले असते.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला. तरीही घटनेच्या कलम ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराविना कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. हा आधार पूर्वी १८९४ च्या ब्रिटिशकालीन कायद्याचा होता. त्याची जागा घेणारा २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे.

मोबदल्याचे गणित

प्रारंभिक अधिसूचनेच्या तारखेचे बाजारमूल्य हा या गणिताचा पाया आहे. त्यासाठी दोन आकडे पाहिले जातात. पहिला, मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला किमान दर. दुसरा, त्याच किंवा नजीकच्या गावातील तशाच जमिनींच्या मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून काढलेली सरासरी. ही सरासरी काढताना जास्त किमतीची निम्मी खतेच विचारात घेतात. खासगी कंपनीसाठी किंवा सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी संपादन असेल, तर संमतीने ठरलेली रक्कम हा तिसरा आकडा. यांपैकी जो सर्वांत मोठा, तो धरला जातो.

पुढे या मूल्याला गुणक लागतो. शहरी भागात तो १ असतो. ग्रामीण भागात, शहरापासूनच्या अंतरानुसार, १ ते २ च्या दरम्यान सरकार ठरवते. त्यात घर, विहीर, माड, पोफळी, काजू यांची किंमत मिळवतात आणि येणाऱ्या बेरजेइतकीच रक्कम दिलासा म्हणून पुन्हा देतात.

समजा, शहरी भागातील ५०० चौरस मीटर जमिनीचा दर चौरस मीटरला १,००० रुपये ठरला आणि झाडे व बांधकाम १ लाखाचे निघाले. बेरीज ६ लाख, दिलासा रकमेसह १२ लाख. त्याखेरीज सामाजिक परिणाम अभ्यासाच्या अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यांपैकी जे आधी होईल तोवर बाजारमूल्यावर वार्षिक १२ टक्के, म्हणजे या उदाहरणात वर्षाला ६० हजार रुपये.

कमी दाखवलेली किंमत

खरी मेख दराच्या पायात आहे. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खतात किंमत कमी लिहायची आणि उरलेले पैसे हातोहात द्यायचे, ही सवय सर्वांच्या परिचयाची आहे. संपादनाची वेळ आली की तीच खते पुरावा म्हणून पुढे येतात. व्यवहार दोघांचा असला, तरी त्याची झळ आसपासच्या सगळ्या जमीनमालकांना बसते. तोंडी भाव कितीही चढा असो, निवाड्यात तो धरला जात नाही.

नावांचा गुंता

गोव्यात दुसरी अडचण उताऱ्याची आहे. अनेक घरांच्या जमिनी अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत आणि वारसांची इन्व्हेंटरी झालेली नाही. आपल्या नागरी कायद्यानुसार, लग्नावेळी वेगळा करार केलेला नसल्यास, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे एका भावाच्या सहीने प्रश्न सुटत नाही. शिवाय कूळ आणि मुंडकार यांचाही हितसंबंध असतो, तो त्यांनी वेळीच नोंदवायला हवा. वाटणीवरून वाद उभा राहिला, तर मोबदला प्राधिकरणाकडे जमा होतो. जमीन जाते, पण पैसे हाती यायला वर्षे लागतात.

मुदती चुकवू नयेत

प्रारंभिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते. ती दराविषयी नसून सार्वजनिक हेतू, जमिनीचे क्षेत्र व तिची योग्यता यांविषयी असते. अंतिम घोषणेनंतर १२ महिन्यांत निवाडा झाला नाही आणि सरकारने मुदतही वाढवली नाही, तर संपादनाची प्रक्रिया रद्द ठरते.

दर मान्य नसल्यास प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवण्याचा अर्ज करता येतो. निवाड्यावेळी हजर असलेल्यांना त्यासाठी सहा आठवडे मिळतात. इतरांना नोटिशीपासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांत जे आधी संपेल तेवढीच मुदत असते. येथे एक छोटी चूक फार महाग पडते. पैसे घेताना ‘हरकत राखून स्वीकारले’ असे लिहून दिले नाही, तर दाद मागण्याचा हा हक्कच जातो.

पत्रादेवी ते पोळेपर्यंतच्या राष्ट्रीय महामार्गासारख्या कामांना १९५६ चा स्वतंत्र कायदा लागतो. मोबदल्याचे गणित २०१५ पासून तेथेही २०१३ च्या कायद्याचेच आहे. मात्र हरकतीसाठी अवघे २१ दिवस मिळतात आणि रकमेचा वाद लवादापुढे जातो. म्हणून नोटीस हाती पडताच ती कोणत्या कायद्याखालची आहे, हे आधी पाहावे.

अंगणात खुणा पडल्यावर कागद शोधायला बसणाऱ्याच्या हाती वेळ थोडा उरतो. उताऱ्यावर हयात वारसांची नावे आणि खरेदीखतात खरी किंमत, ही दोन कामे त्याआधीच करून ठेवण्याजोगी आहेत.