कोपीतला रेडिओ

दिवाळीच्या आसपास पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या भागांतली गावं रिकामी होऊ लागतात. ऊसतोडीची बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. टीव्ही घरीच राहतो, म्हाताऱ्यांजवळ. रेडिओ मात्र पूर्वीपासून बिऱ्हाडाबरोबर जात आला. दोन सेलवर चालायचा. आता मोबाइलमध्ये शिरलाय, एवढंच.

माहितीच्या बाबतीत मी रेडिओला झुकतं माप देतो. चित्र नसल्यामुळे त्याला समजावून सांगावंच लागतं. १९५६ साली पुण्याकडच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत युनेस्कोच्या मदतीनं शेतकऱ्यांची श्रोता मंडळं निघाली. कार्यक्रम एकत्र ऐकायचा, त्यावर बोलायचं, शंका केंद्राला कळवायच्या. (आपण बीडकर तेव्हा हैदराबाद राज्यात, तो प्रयोग आपल्या वाट्याला आला नाही.) पुढे बँकेच्या ग्रामीण शाखेत पीककर्जाला आलेला शेतकरी एकरी खताचा आकडा बिनचूक सांगे. विचारलं तर म्हणे, ‘साहेब, रेडिओवर सांगितलं की!’

टीव्हीवरच्या माहितीपटाचं बळ निराळं. भेगाळलेली जमीन, टँकरभोवतीच्या घागरी पाहून पुण्या-मुंबईचा माणूस गप्प होतो. पण कॅमेरा दिसतं तेच टिपतो. मुकादमाकडून घेतलेली उचल दिसत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एक खाडा पडला की दंड कापतात, हा हिशेब चित्रात मावत नाही. आणि सगळं दुखणं त्या हिशेबातच आहे.

२०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. पाळीच्या दिवसांत काम बुडतं, दंड भरावा लागतो, आणि वर कोणी कॅन्सरची भीती घातलेली. मग देशोदेशीचे कॅमेरे आले. त्या बायकांचे चेहरे मी पडद्यावर पाहिले. ते विसरायचे नाहीत. पण पाहिले ते आपण, दिवाणखान्यात बसलेल्यांनी. माहितीपट त्यांच्याविषयी होता, त्यांच्यासाठी नव्हता.

‘बाई, पाळीचा प्रत्येक त्रास म्हणजे कॅन्सर नव्हे, बरेचदा औषधानं भागतं. पिशवी काढण्याआधी सरकारी दवाखान्यात आणखी एका डॉक्टरला दाखव.’ हे सांगायला दहा-पंधरा सेकंद लागतात. संध्याकाळी फडावरून परतून ती कोपीत भाकरी थापत असते, हात पिठात असतात, कान मोकळे असतात. हंगामाचे पाच-सहा महिने रोज त्याच वेळी, तिच्या बोलीत, हे लावायला किती खर्च येईल? एका माहितीपटाच्या प्रवासखर्चापेक्षा कमीच असावा, असा माझा बँकवाल्याचा अंदाज आहे.