वीस ते पन्नासच्या मधल्या गाड्या

२०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत छोट्या, वेगवान गाड्यांवर जीव असणाऱ्यांना लागोपाठ तीन बातम्या मिळाल्या. २४ जुलैला भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार करारावर सह्या झाल्या. ब्रिटनमध्ये बनलेल्या मोटारींवरचं शंभर टक्क्यांहून जास्त असलेलं आयात शुल्क ठरावीक संख्येपुरतं उतरत उतरत १० टक्क्यांवर येणार, असं जाहीर झालं. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने २० वर्षांवरच्या गाड्यांच्या फेरनोंदणीचं शुल्क वाढवलं: साध्या मोटारीला १०,००० रुपये, आयात केलेल्या मोटारीला ८०,००० रुपये. २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असलेली गाडी १८ टक्क्यांत आली. त्याच मापाची पण इंजिन थोडं मोठं असलेली गाडी ४० टक्क्यांत गेली.

पहिल्या बातमीने आशा दाखवली. उरलेल्या दोन्हींनी जुनं दुखणं वर काढलं.

या छोट्या, वेगवान गाड्यांना हॉट हॅच म्हणतात. हॉट हॅच म्हणजे काय, हे समजून घ्यायला दापोलीहून लाडघरमार्गे बुरोंडीला जाणारा रस्ता पुरेसा आहे. मागच्या दरवाजाची घरगुती गाडी, चौघं बसतील आणि आठवड्याचा बाजार मावेल एवढी. पण तिच्यात मोठं किंवा टर्बो इंजिन, घट्ट सस्पेंशन आणि जोरकस ब्रेक. लाडघरचं तामसतीर्थ मागे पडतं, बुरोंडीच्या चढावर पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला परशुराम दिसतो, पुढे कोळथरे आणि दाभोळ. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मध्ये जेमतेम एक एसटी जाईल एवढा डांबरी पट्टा, वळणामागे वळण. समोरून बस आली की साइडपट्टीवर उतरायचं. इथे ताशी दीडशेचा वेग कुणालाच काढता येत नाही आणि काढूही नये. चाळीस-पन्नासच्या वेगात जी गाडी हाताला जिवंत लागते, तीच इथे मजा देते. रुंद, उंच, दोन टनांची एसयूव्ही या रस्त्यावर अर्धा वेळ वाट देण्यात आणि मागे घेण्यात घालवते. शनिवार-रविवारी बुरोंडीच्या दिशेने येणाऱ्या गाड्यांत आता बहुतेक तीच दिसते.

या जातीच्या गाड्यांची आजी ब्रिटिश आहे. १९५९ साली अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनी आणली. इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली तेलाच्या चेंबरमध्ये घातला, चाकं चार कोपऱ्यांत ढकलली आणि स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू वापरले. १९६१ मध्ये शर्यतीच्या गाड्या बनवणारे जॉन कूपर यांनी तिला ताकद दिली. १९६४ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्क यांनी ३७ क्रमांकाची कूपर एस जिंकवून आणली. तिचं इंजिन होतं १०७१ सीसीचं, म्हणजे आजच्या भारतीय कायद्याच्या भाषेत ‘लहान’. पुढे ही शर्यत १९६५ आणि १९६७ मध्येही मिनीनेच जिंकली.

त्यानंतरची चाळीस वर्षं भारतीय वाचकासाठी लवकर उरकतात. युरोपात गोल्फ जीटीआय आली, लोटसचं इंजिन घातलेली टॅल्बट सनबीम रॅली जिंकत होती, आणि कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांसाठी गाडी म्हणजे कुर्ल्याला बनलेली फियाट किंवा नंतर मारुती ८०० होती. वेग हा विषयच नव्हता. गाडी घाट चढली, म्हणजे भरून पावलं.

खरी गोष्ट २००१ मध्ये सुरू होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये ऑक्सफर्डच्या काउली कारखान्यात बीएमडब्ल्यूच्या मालकीची नवी मिनी बनू लागली. त्याच वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट पालिओ बाहेर पडली आणि तिच्या १.६ जीटीएक्स रूपात १०० अश्वशक्तीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन होतं. छोट्या गाडीत एवढी ताकद देशात कुणी दिली नव्हती. सचिन तेंडुलकर फियाटचा चेहरा होता आणि त्याच्या नावाने ‘एस-टेन’ ही मर्यादित आवृत्तीही निघाली. मुंबईतल्या कामगारांच्या हातची ही गाडी महाराष्ट्राची पहिली खरी हॉट हॅच होती, हे आजही ठासून सांगायला हवं, कारण ते सांगणारं पत्रक किंवा संग्रहालय कुठेच नाही.

आणखी एक विसरलेलं नातं २००३ मधलं आहे. पिंपरीत बनलेली टाटा इंडिका ब्रिटनमध्ये ‘सिटीरोव्हर’ या नावाने विकली जाऊ लागली. इंजिन १.४ लिटरचं, ८५ अश्वशक्तीचं. किंमत ६,४९५ पौंडांपासून पुढे. ती हॉट हॅच नव्हती आणि ब्रिटिश ग्राहकाने तिला जवळ केलं नाही. एप्रिल २००५ मध्ये ती विकणारी एमजी रोव्हर कंपनीच कोसळली आणि सिटीरोव्हर संपली. जी गाडी कोकणात वर्षानुवर्षं टुरिस्ट टॅक्सी म्हणून धावली, तिचीच ब्रिटिश बहीण आज तिकडे शोधावी लागते. दुर्मीळ ब्रिटिश हॅचबॅकचा हा एक नमुना पिंपरीच्या कामगारांनी बनवला होता.

मग आला २००६ चा अर्थसंकल्प. छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के झालं. पण ‘छोटी’ म्हणजे चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. या एका व्याख्येने पुढच्या वीस वर्षांच्या गाड्या घडवल्या. १.६ ची पालिओ रेषेच्या महाग बाजूला पडली. मारुतीने २०१० मध्ये स्विफ्टचं १.३ चं इंजिन काढून १.२ चं बसवलं. रस्त्यावरची जागा, वजन, धूर यांपैकी कशाचाही हिशेब न करता केवळ सीसी मोजून ठरवलेली ही रेषा आजही तशीच आहे. उलट जीएसटीच्या जुन्या दरात, उपकर धरून, लहान पेट्रोल गाडीवर २९ आणि तिच्यापेक्षा जरा मोठं, १५०० सीसीपर्यंतचं इंजिन असलेल्या गाडीवर ४५ टक्के होते. फरक १६ टक्क्यांचा. सप्टेंबर २०२५ पासून तो २२ टक्क्यांचा झाला. दर कमी झाले म्हणून टाळ्या वाजल्या, पण छोट्या शरीरात मोठं काळीज घालणाऱ्यावरचा दंड वाढलाच.

तरीही २०१२ ते २०२२ हे दशक या छंदाचं सोनेरी दशक ठरलं. ज्यांनी ते पाहिलं, त्यांना ते पुन्हा येणार नाही याचीही जाणीव आहे.

जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत मिनी अधिकृतपणे भारतात आली. २०१३ मध्ये चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय निघाली. तिने कायद्यालाच कामाला लावलं: इंजिन ११९७ सीसीचं, म्हणजे रेषेच्या आत, पण टर्बोमुळे ताकद १०५ अश्वशक्तीची आणि जोडीला सात गिअरचा डीएसजी हा स्वयंचलित गिअरबॉक्स. ऑक्टोबर २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो आली. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, १४५ अश्वशक्ती, शून्यापासून शंभरचा वेग ८.८ सेकंदांत, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि किंमत ९ लाख ९५ हजार. रेषेपलीकडचा जास्त कर भरूनही दहा लाखांच्या आत बसलेली ही गाडी म्हणजे मध्यमवर्गीय माणसाला एकदाच मिळालेली संधी होती. हायड्रॉलिक स्टिअरिंगचं वजन हाताला जाणवायचं आणि रस्ता कसा आहे हे बोटांना कळायचं. २०१६ मध्ये फोक्सवॅगनने तीन दरवाजांची पोलो जीटीआय भारतासाठी फक्त ९९ आणली, १९२ अश्वशक्तीची, २५ लाख ६५ हजारांना. २०१८ मध्ये टाटा आणि कोइंबतूरच्या जयेम यांनी मिळून टिआगो जेटीपी काढली.

याच दशकात ब्रिटिश मर्यादित आवृत्त्यांचा व्यवहारही सुरू झाला आणि इथे एक जुना हिशेब चुकता करायला हवा. २०१७ मध्ये कूपर एसची ‘जेसीडब्ल्यू (जॉन कूपर वर्क्स) प्रो’ आवृत्ती २० गाड्यांची निघाली. २०२० मध्ये जगभरासाठी खरी ‘जॉन कूपर वर्क्स जीपी’ ३,००० बनली: ३०६ अश्वशक्ती, मागची सीट काढलेली. भारताच्या वाट्याला आली ती ‘जीपी इन्स्पायर्ड’. ताकद नेहमीच्या जेसीडब्ल्यूचीच, २३१ अश्वशक्ती. अंगावर जीपीच्या खुणा. संख्या १५ आणि किंमत ४६ लाख ९० हजार. जानेवारी २०२१ मध्ये हॉपकर्क यांच्या सन्मानार्थ लाल-पांढरी आवृत्ती आली, तीही १५, किंमत ४१ लाख ७० हजार, अंगावर ३७ आकडा. गाडी म्हणून तिन्ही उत्तम. पण १५ हा आकडा कारखान्याच्या गरजेतून आलेला नव्हता, विक्रीच्या मांडणीतून आला होता. मूळ कूपरच्या ठरावीक संख्येमागे शर्यतीच्या नियमांची सक्ती होती. तेवढ्या गाड्या बनल्याशिवाय तिला शर्यतीत उतरताच येत नव्हतं.

खरी दुर्मीळता त्याच काळात दुसरीकडे, कुणी जाहिरात न करता, तयार होत होती. २०१९ मध्ये फियाटने भारतातलं काम आवरलं आणि अबार्थ पुंटो संपली. २०२० च्या धुराच्या बीएस-सिक्स नियमांबरोबर टिआगो जेटीपी गेली. एप्रिल २०२२ मध्ये ७०० गाड्यांच्या ‘लेजेंड’ आवृत्तीने पोलोचा निरोप झाला. तीन वर्षांत एक अख्खी जात बाजारातून उठली. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय परत आली खरी, पण ५२ लाख ९९ हजारांना, पहिल्या खेपेत १५० गाड्या. चाकण-रांजणगावच्या गाडीची जागा ती घेऊ शकत नाही.

आता ज्यांच्याकडे या गाड्या आहेत, त्यांना गाडी असणं आणि गाडी टिकवणं यांतला फरक रोज कळतो. कोकणात तो जास्तच कळतो. दापोली परिसरात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बंदराकडे खारा वारा, पावसाळ्यात उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. तळाला गंजरोधक थर, समुद्रावरून आलं की खालून गोड्या पाण्याने धुणं, न चुकता आठवड्याला इंजिन तापवणं, ही किमान शिस्त. रंग न मारलेला स्पीडब्रेकर रात्री दिसत नाही आणि चेंबर फुटायला एक पुरतो. ओहोटीच्या वेळी दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या फळीवर बुटक्या गाडीचा बंपर घासतो. मिनी कूपर एसमध्ये स्टेपनी नसते, पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर धावणारे रनफ्लॅट टायर असतात. त्या मापाचा टायर दापोलीत हाताशी मिळेल याची खात्री नाही. अबार्थला १९५/५५ आर१६ हे सर्रास मिळणारं माप आहे, पण तिचे सस्पेंशनचे बुश आणि टर्बोचे भाग शोधायला पुण्यातल्या जुन्या फियाट मेस्त्र्यांकडेच जावं लागतं. त्या मेस्त्र्यांची पिढीही आता निवृत्तीकडे आली आहे. त्यांना नवे शिष्य मिळत नाहीत, कारण शिकून हात बसेपर्यंत गाड्याच उरणार नाहीत असं पोरांना वाटतं.

ब्रिटनने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे ४० वर्षांची झालेली मोटार रस्ता करातून मुक्त होते आणि २०१८ पासून तिला वार्षिक तपासणीही लागत नाही. ऑक्सफर्डशायरमधल्या विटनी इथे ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था जुन्या मिनीची संपूर्ण नवी बॉडी आजही बनवून देते, मूळ साच्यांवरून. म्हणून साठ वर्षांची मिनी तिथे रस्त्यावर दिसते.

आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ हा दर्जा दिला, तो पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला. म्हणजे वीस वर्षांची झाली की गाडी दंडाच्या रकान्यात जाते आणि वारशाच्या रकान्यात यायला तिला आणखी तीस वर्षं लागतात. या तीस वर्षांत ती काहीच नसते. बहुतेक गाड्या याच काळात भंगारात जातात. धूर ओकणारी टॅक्सी आणि महिन्याला दोनदा बाहेर निघणारी, जपलेली १.६ पालिओ यांना एकाच दराने मोजणं हा आळस आहे, पर्यावरणाचं रक्षण नव्हे. जुन्या गाडीची धूर तपासणी जरूर कडक असावी. जपणाऱ्या मालकाला ती जड जाणार नाही. पण वय हाच गुन्हा ठरवू नये.

हिशेब सरळ आहे. फेरनोंदणी पाच वर्षांची असते. २००१ ची पालिओ २०५१ साली पन्नाशीला पोचेल, तोवर तिला आजच्या दराने १०,००० रुपयांच्या पाच फेरनोंदण्या लागतील. २०१२ साली आयात झालेल्या मिनीला वीस वर्षं २०३२ मध्ये पुरी होतील. तिथून २०६२ पर्यंत ८०,००० च्या सहा, म्हणजे ४ लाख ८० हजार रुपये. व्यापार करारातून नव्या मिनी स्वस्तात आल्या, तर त्यांनाही वीस वर्षांनी हेच बिल येणार आहे. तेव्हा २५ वर्षांवरच्या, कमी चालणाऱ्या, धूर तपासणीत उत्तीर्ण झालेल्या गाड्यांसाठी मधला वर्ग हवा, त्याचं शुल्क नाममात्र हवं. आणि ज्या कंपन्यांनी कुर्ला, रांजणगाव, चाकण इथे या गाड्या बनवल्या, त्यांनी बंद झालेल्या सुट्या भागांचे नकाशे पुण्या-पिंपरीतल्या छोट्या कारखानदारांना वापरू द्यावेत. बुश, सील, माउंटिंग बनवणारे हात तिथे आजही आहेत.