रुईच्या फुलातली कावड

शनिवारी मारुतीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ पडते, रथसप्तमीला तीच पानं सूर्यासाठी खुडली जातात. फुलांकडे मात्र कोणी वाकून बघत नाही. आणि खरी करामत तर फुलातच आहे.

रेल्वेच्या मालधक्क्यामागे खडी-राखेच्या ढिगाऱ्यात पुरुषभर उंचीची रुई माजली आहे. फूल तोडलं की देठातून पांढरा चीक टपकतो. आधी हात धुवायचे, मगच भिंग उचलायचं. हा चीक डोळ्यात गेला तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होते, नजर धूसर होते.

पाच जाड, जांभळट पाकळ्या. त्यांच्या मधोमध पाच पाखांचा मुकुट, त्याच्या तळाशी मध साठतो. सगळ्यांच्या वर सपाट पंचकोनी माथा. तिथून बोट फिरवलं तरी पिवळी पूड लागत नाही. जास्वंदीत उघड्यावर दिसतात तसे पुंकेसर इथे नाहीतच. पुंकेसर आणि स्त्रीकेसराचा माथा जुळून एकच ठोकळा झाला आहे. पंचकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर बारीक काळपट ठिपका, त्याच्या खाली उभी चीर.

सुईचं टोक चिरेत खालून घालायचं आणि हलकेच वर सरकवायचं. घाई कामाची नाही. ठिपका सुईत नीट अडकला, की त्याच्यासकट बाहेर येते चक्क एक कावड: मध्ये ठिपका, दोन बाजूंना बारीक दांड्या आणि दांड्यांना लटकलेल्या दोन पिवळ्या पिशव्या. सगळा पराग त्यांत गच्च भरलेला. शिवाय या दोन पिशव्या एका परागकोशातल्या नसतात. शेजारच्या दोघांनी एकेक दिलेली असते. अशा पाच कावडी एका फुलात.

झुडपावर हे काम लाकूड पोखरणारा काळा भुंगा करतो. मध पिताना त्याचा पाय चिरेत घसरतो. पाय वर ओढताना केसाला ठिपका अडकतो आणि हिसक्यासरशी कावड निघते. दुसऱ्या फुलावर तोच पाय पुन्हा चिरेत गेला, तर पिशवी आत राहते, दांडी मोडते. मुंग्याही या फुलांवर येतात, मध पितात, पण कावड उपसण्याइतका जोर त्यांच्यात कुठला?

एवढा सगळा योग जुळायचा, म्हणून झुपकेच्या झुपके फुलतात आणि बहुतेक फुलं तशीच गळून जातात. बोंडं मोजकीच धरतात. फुलात बीजकोश दोन, त्यामुळे बोंडांची जोडी यायला हवी. पुष्कळदा एकच वाढतं. पण अख्खं बोंड भरायला एका पिशवीतला पराग पुरतो. त्यामुळे बोंड तडकल्यावर रेशमी झुबके घेऊन ज्या म्हाताऱ्या उडत सुटतात, त्या सगळ्यांचा बाप बहुधा एकच असतो.