खालची लाथ
लाथ म्हटली की चित्रपटातला डोक्याच्या उंचीवर फिरणारा पाय आठवतो. प्रत्यक्षात तेव्हा मारणारा एकाच पायावर उभा असतो. दुसरा पाय पकडला गेला की संपलेच! २६ जून १९७६ रोजी टोकियोत कुस्तीगीर आंतोनिओ इनोकी पंधरा फेऱ्यांतला बहुतेक काळ पाठीवर पडून मुहम्मद अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. निकाल बरोबरीचा; प्रेक्षक चिडले. मी मात्र तिला निव्वळ फार्स मानत नाही. अलीच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. थायलंडच्या मुए थाईत ही खालची लाथ उभ्यानेच मारतात: कंबर वळवून, पावलाने नव्हे तर नडगीने, मांडीच्या बाहेरच्या बाजूवर. एकीने सहसा कोणी पडत नाही. आठ-दहा बसल्या की पाय जड होतो आणि ठोशातला जोरही ओसरतो, कारण तो जमिनीवर रोवलेल्या पायातूनच वर येतो.